जमण्याची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या सेफ्टी ऑफिसरचा जादा चार्ज आजपासून माझ्याकडे. आधीचे गृहस्थ रिटायर झाले. एवढ्या मोठ्या प्लांटमध्ये आपल्याला दुसरं कोणाचं नावच सुचलं नाही, असं साहेब स्वतः म्हणाले. (दोघे मोठ्या रजेवर आहेत आणि एकाने लेखी नकार दिलाय, असंही म्हणाले. पण ते आपलं बोलण्याच्या ओघात.) चार्जमध्ये मिळालेल्या वस्तू : शिट्टी, पांढरं हेल्मेट, मास्कच्या कपाटाची किल्ली. हेल्मेट डोक्यावर बसत नाही. आधीच्या माणसाचं डोकंच लहान असणार.

जबाबदारी साधी नाही. नदीचं पाणी आपण निवळतो, गाळतो आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडतो, तेव्हा कुठे शहर निर्धास्त पाणी पितं. हा क्लोरीन येतो टनरमध्ये. टनर म्हणजे आडव्या ठेवलेल्या भल्यामोठ्या लोखंडी टाक्या. एखादीचा व्हॉल्व्ह जरी गेला तरी वायू जमिनीवरून सरपटत जातो आणि माणसाची फुफ्फुसं भाजून काढतो. शेडच्या मागे कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून स्टाफ क्वार्टर्स. त्यात तळमजल्यावर आम्ही. मी, ही, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. थोडक्यात, सगळ्या कॉलनीचा जीव आता माझ्या हातात आहे. जेवताना हे घरी सांगितलं. हिने विचारलं, पगार वाढला का.

संकल्प : शेडची फेरी रोज. डायरी रोज. चहा कमी.

संध्याकाळी पहिली फेरी झाली. वास अजिबात नाही. शेडचा ऑपरेटर हळूभाऊ (सगळं हळू करतो म्हणून हळूभाऊ. खरं नाव पगाराच्या स्लिपवर असेल) नाकातोंडाला रुमाल बांधून बसला होता. त्याला धीर दिला. म्हटलं, आता मी आलोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

दूध जळलं. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो होतो. ही बाथरूममधून ओरडत आली. सासूबाई तर काठी टेकत टेकत आतल्या खोलीतून आल्या. दोघींचं म्हणणं एकच, पातेल्याशेजारी बसून तुम्हाला वास कसा आला नाही. मी म्हटलं, मी विचारात होतो. ज्याच्या डोक्यावर कॉलनीचा भार आहे, त्याने दुधाकडे लक्ष द्यायचं का?

ही म्हणते, गेल्या वर्षी तो ताप आला त्यानंतर तुमचं नाक गेलंय, डॉक्टरला दाखवा. बायकांना कशावरून काय सुचेल सांगता येत नाही. माझं नाक चांगलं लांब आहे. आमच्या घराण्याचं नाक आहे ते.

उलट जास्त वास येण्याचा आजार सासूबाईंना आहे. त्यांना शेजारच्यांच्या रंगाचा वास येतो, वरच्या मजल्यावरची ओली चप्पल येते, आणि संध्याकाळ झाली की भिंतीकडून ब्लीचिंग पावडरसारखं काहीतरी येतं. त्यांना शास्त्रीय कारण समजावून सांगितलं की वयोमानाने असं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणताय तर तसं असेल. हिच्यापेक्षा आई समजूतदार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेडची फेरी केली. वास नाही.

प्लॅन तयार! गळती झाली की लाऊडस्पीकरवरून सूचना, सूचना ऐकली की सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, जमले की मी हजेरी घ्यायची. जागाही शोधली. प्लांट आणि कॉलनीच्या मधोमध गाळाचं जुनं तळं आहे. ते कधीच कोरडं पडलंय, आत छान हिरवळ आहे, झाडाची सावली आहे, सिमेंटचा एक बेंचही आहे. चारी बाजूंनी उतार असल्यामुळे वारा लागत नाही. मुख्य म्हणजे माझ्या ऑफिसच्या खिडकीतून अख्खी जागा दिसते.

लॅबमधल्या केमिस्ट बाईंना सहज प्लॅन दाखवला. त्या म्हणाल्या, अहो, तो खड्डा आहे. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो पहिला तिथेच उतरेल. लोकांना वर चढायला सांगायचं, तुम्ही खाली उतरवताय. हे जमणार नाही. मी शांतपणे विचारलं, उन्हात, उभ्याने कोण जमेल? माणसं यायला हवी असतील तर आधी त्यांची सोय बघायला लागते. हे पुस्तकात नसतं. बाईंनी नाक मुरडलं आणि काचेच्या नळ्या धुवायला घेतल्या.

पेंटरला बोर्ड रंगवायला सांगितला सुद्धा. आता जागा बदलायची म्हणजे त्याचा रंग फुकट.

१० नोव्हेंबर, सोमवार

बोर्ड लागला. मी लिहून दिलं होतं, ‘आपत्कालीन परिस्थितीत सर्वांनी जमण्याची जागा’. पेंटरने अक्षरं मोठी काढल्यामुळे तेवढ्याच पत्र्यावर फक्त ‘जमण्याची जागा’ मावलं. तो म्हणाला, साहेब, मुद्दा आला की. आला खरा.

दुपारी बघतो तर बोर्डाखाली गर्दी! फिल्टर सेक्शनचे चौघे पत्ते खेळत होते, दोघे झोपले होते. विचारलं तर म्हणाले, बोर्ड वाचला, म्हणून जमलो. अडाणी माणसाच्या मनावरही योग्य शब्दाचा कसा परिणाम होतो ते यावरून दिसतं. हळूभाऊने मात्र बोर्डापुढे उभं राहून बराच वेळ वाचून मला विचारलं की इथे नक्की काय जमतं. तिकडे शेडमध्ये त्याला काही जमत नाही, म्हणून विचारत असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मास्कचं कपाट उघडलं. किल्ली फिरवायला तेल घालावं लागलं, यावरून कपाट किती सुरक्षित आहे ते कळतं. आत पाच मास्क. दोन मास्कचं रबर एकमेकांना चिकटून एकजीव झालंय. एकाची काच नाही. एक हळूभाऊने घरी चुना मारायला नेला होता, तो त्याने प्रामाणिकपणे परत आणून ठेवलाय, चुन्यासकट. एक चांगला आहे. तो केमिस्ट बाईंनी सही करून लॅबमध्ये नेला. म्हणाल्या, इथे राहिला तर त्यालाही काहीतरी होईल.

नव्या मास्कसाठी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर म्हणाला, जुना जमा करा, नवा घ्या. मी चिकटलेले दोन दिले. तो म्हणाला हा एकच नग आहे. मी म्हटलं दोन आहेत. त्याने सुटे करून दाखवायला सांगितलं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. आता तो एकही नग राहिलेला नाही.

काळजीचं कारण नाही. मास्क ही शेवटची पायरी. माझा भर माणसं वेळेवर जमवण्यावर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मॉक ड्रिल. हेल्मेट घातलं, शिट्टी गळ्यात अडकवली, माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं : गॅस लीक झाला आहे, गॅस लीक झाला आहे, सर्वांनी ताबडतोब जमण्याच्या जागी या. तीनदा. आवाज कॉलनीभर घुमला. अंगावर काटा आला, स्वतःच्याच.

मग धावत खड्ड्यात (बाईंमुळे मीही आता खड्डाच म्हणायला लागलो) हजेरीचा कागद घेऊन उभा राहिलो.

काय झालं ते लिहायला हवं, पण हात धजत नाही. गॅस म्हटल्याबरोबर सगळी कॉलनी आपापल्या स्वयंपाकघरात पळाली. बर्नरची बटणं बंद, सिलिंडरची टोपी लावली, कोणी साबणाचं पाणी लावून नळी तपासत बसलं. शेगडी बंद केल्यावर लोक दारं लावून बसले, कारण शेजारच्यांचा गॅस लीक असेल तर तो आपल्याकडे नको. खड्ड्यात पत्ते खेळणारे चौघे तेवढे जमण्याच्या जागी हजर होते, ते सूचना ऐकून गॅस बघायला घरी गेले. पंप हाऊसमधून फोन आला की साहेबांना गॅस झाला असेल तर सोडा घ्यायला सांगा.

मी एकटा. बोर्डाखाली. साहेब गॅलरीतून बघत होते.

कागद घडी करून निघालो, तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उतारावरून येताना दिसल्या. घामाघूम झालेल्या. म्हणाल्या, दारातल्या पायऱ्या उतरायलाच वेळ गेला हो. मी वैतागलो होतो. जरा आवाज चढवूनच म्हणालो, आता येऊन काय उपयोग, अशा वेळी उशीर म्हणजे मरण. त्या बेंचवर थोडं बसल्या आणि माझ्या मागोमाग घरी आल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांना रिपोर्ट दिला. ‘ड्रिल यशस्वी. सूचना शेवटच्या घरापर्यंत पोचली. रहिवाशांनी तत्काळ हालचाल केली.’ एकही शब्द खोटा नाही.

केमिस्ट बाई आल्या. म्हणाल्या, गॅस म्हटलं की माणसाला शेगडीच आठवणार. क्लोरीन म्हणा. आणि जमवायचंच असेल तर वरच्या टाकीजवळच्या मैदानावर जमवा. मी म्हटलं, एकदा दिलेली सूचना बदलली की लोक गोंधळतात. त्या म्हणाल्या, आत्ता कुठे गोंधळले नाहीत? बाईंना बोलायला सोपं आहे. डोक्यावर हेल्मेट माझ्या आहे.

हिने घरात नवीन काढलं. बहिणीकडे राहायला जाऊ या, आईला संध्याकाळी खोकला येतो, मलाही घशात खवखवतं. मी म्हटलं, हवा बदलत्येय.

फेरी : वास नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हळूभाऊ धावत आला! म्हणजे त्याच्या मानाने. म्हणाला, तिसऱ्या टनरचा व्हॉल्व्ह रडतोय, वास मारतोय, बसवत नाही. लगेच गेलो. दार उघडलं, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. आणखी एकदा घेतला. काही नाही. त्याच्याकडे बघून हसलो. हा माणूस रुमालाआड डोळे पुसत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, घसा दाटला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी आपल्याला पहिल्यांदा एवढ्या विश्वासाने बोलावलं, म्हणून भरून आलं असावं.

त्याने अमोनियात बुडवलेला बोळा व्हॉल्व्हजवळ धरला. पांढरा धूर निघाला. म्हणे, धूर निघाला की क्लोरीन गळतोय समजायचं. मी म्हटलं, बोळा तूच आणलास, धूर बोळ्यातून निघतोय, आणि नाव टनरचं घेतोस? अमोनियाची बाटली खराब झालेली दिसते. ताब्यात घेऊन कपाटात टाकली. उगाच लोकांत घबराट नको. व्हॉल्व्हचं काम पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये लिहिलं आहे.

दिवसभर खोकला. बदलत्या हवेचाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरात कडाक्याचं भांडण. हिने बॅगा भरल्या. मी विचारलं, सेफ्टी ऑफिसरचं कुटुंबच कॉलनी सोडून पळालं तर बाकीच्यांनी काय समजायचं? माझं नाक कापायला निघालीस का? ती म्हणाली, असून तरी काय उपयोग आहे त्याचा. फार लागलं. बायको म्हणून काहीही बोलायचं?

मी सांगितलं, रोज मी स्वतः फेरी मारतो, स्वतः हुंगतो, मला जर काही वाटत नसेल तर नाहीच. ती म्हणाली, आम्ही तिघी सांगतोय. मी, आई, तुमच्या त्या बाई. आणि तो हळूभाऊ. मी म्हटलं, नाक मोजून निर्णय घ्यायचे नसतात.

शेवटी सासूबाईंनीच सोडवलं. मुलीला म्हणाल्या, अगं, ते एवढे जीव तोडून करताहेत, त्यांना खात्री असल्याशिवाय आपल्याला इथे राहू देतील का? बॅगा परत पलंगाखाली गेल्या. सासूबाईंबद्दल या डायरीत आधी काही बारीकसारीक लिहिलं असेल, ते मागे घेतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेडच्या भिंतीवरची वेल पांढरी पडलीय. माळ्याला झापलं, पाणी घालत नाही म्हणून. तो म्हणाला, साहेब, वेल सुकली की पिवळी पडते, ही धुतल्यासारखी झालीय. सगळ्यांनी मला शिकवायचं ठरवलंय.

मी आपला नाकासमोर चालणारा माणूस. फेरी केली. वास नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी एक. हळूभाऊ पुन्हा. तोच टनर, तोच व्हॉल्व्ह. पुन्हा गेलो, पुन्हा हुंगलं, काही नाही. त्याला म्हटलं, जा, चहा पिऊन ये. तो गेला, आणि परत आलाच नाही. नंतर कळलं की तो थेट केमिस्ट बाईंकडे गेला आणि बाईंनी मला न विचारता फायर ब्रिगेडला फोन केला.

हे खालचं घरी बसून लिहितोय. आज दुसरं काही सुचत नाही.

अर्ध्या तासात शेडकडून आवाज आला, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. शेडच्या दाराखालून हिरवट पिवळा धूर येत होता. घाईत नव्हता. जमिनीला धरून चालला होता. मला अजूनही वास येत नव्हता. समोर दिसत होतं, तरी येत नव्हता.

माईक घेतला. बाईंनी सांगितलेला शब्द तोंडापर्यंत आला असेल, पण बाहेर पडलं ते सवयीचंच. गॅस लीक झाला आहे. जमण्याच्या जागी या. किती वेळा म्हणालो कोण जाणे. कॉलनीत धडाधड खिडक्या लागल्या. दारं लागली. सगळे शेगड्या बंद करायला पळाले, मागच्या वेळेसारखेच. मी रागाने लाल झालो. मनात म्हटलं, मरा.

मग खड्ड्याकडे बघितलं. बेंचवर कोणीतरी बसलं होतं. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटलं! एक तरी आलं. एकाने तरी ऐकलं. मग काठी ओळखली.

धूर उताराच्या कडेला पोचला होता आणि खाली उतरायला लागला होता. मी माईकमध्ये ओरडलो, सासूबाई, वर या, तिथून निघा, वर या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी बोलवतोय हे कळलं असेल, काय बोलतोय ते कळलं नसेल. त्यांनी हात वर केला. शाळेत हजेरी देतात तसा.

जिना उतरून धावलो. मास्क नाही. उतारापर्यंत गेलो, तिथे छाती अशी धरली की पुढे पाऊल टाकता येईना. खोकत गुडघ्यांवर बसलो. शिट्टी वाजवली. का वाजवली माहीत नाही. मला दुसरं काही करता आलं नाही.

फायर ब्रिगेडची माणसं पाठीवर सिलिंडर लावून खाली उतरली आणि त्यांना उचलून वर आणलं. चांगला मास्क घातलेल्या बाई वाट दाखवत होत्या.

ही अँब्युलन्समध्ये आईबरोबर बसली. मी चढायला गेलो तर म्हणाली, जागा नाही. जागा होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई ऑक्सिजनवर. फुफ्फुसांत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही.

कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून आहे. ही समोरच्या बाकावर. दुपारी तिने एकच वाक्य उच्चारलं. ड्रिलच्या दिवशी तुम्ही उशीर झाला म्हणून बोललात, तेव्हापासून आई रोज दुपारी पायऱ्या उतरायची प्रॅक्टिस करत होती. म्हणे, माझ्यामुळे त्यांना चारचौघांत खाली बघायला लागलं.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्याही छातीचा फोटो काढला. ठीक आहे. हिने डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी मला नाकाच्या डॉक्टरांकडे धाडलं. मीही गेलो. मनात म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे.

त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि एकामागून एक बाटल्या नाकाखाली धरल्या. पहिली कॉफी, मी लगेच ओळखली. दुसरी साबण. तिसऱ्या वेळी थोडा विचार केला आणि म्हटलं, पेट्रोल, किंवा त्याच जातीचं काहीतरी. डोळे उघडले. डॉक्टरांच्या हातात एकच बाटली होती आणि ती रिकामी होती.

ते म्हणाले, किती दिवसांपासून? मी म्हटलं, आत्ताच, या धुरामुळे. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या तापापासून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाईंचा ऑक्सिजन थोडा कमी केला. डोळे उघडतात.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते कॉलनीचं. म्हणाले, अशा गळतीत लोक सैरावैरा पळतात आणि धुरातच सापडतात. इथे सगळे घरात गेले, आग विझवली, दारंखिडक्या घट्ट लावल्या. म्हणून वाचले. ट्रेनिंग कोणी दिलं? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

क्षणभर... नाही. लिहून ठेवत नाही.

मग अधिकाऱ्यांनी विचारलं, एवढं छान ट्रेनिंग असताना त्या एक बाई खड्ड्यात कशा गेल्या? केमिस्ट बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्या माझ्या सासूबाई. मी सांगितलेलं ऐकून गेल्या. बाकीच्यांनी ऐकलं नाही.

अधिकाऱ्यांनी हात सोडला. साहेबांनी संध्याकाळी हेल्मेट, शिट्टी आणि किल्ली परत मागून घेतली. चार्ज केमिस्ट बाईंकडे.

१ डिसेंबर, सोमवार

सासूबाई बोलल्या. आवाज फार खोल गेलाय, कान तोंडाजवळ न्यायला लागतो. डॉक्टर म्हणतात जिवावरचं टळलं, पण फुफ्फुसं आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत. चार पावलं चालल्या तरी धाप लागेल. हिने ठरवलंय, इथून दोघी बहिणीकडेच जायचं. मी येऊ का विचारलं. म्हणाली, बघू.

सासूबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणार. बोलायलाच हव्या होत्या. त्यांनी विचारलं, मी वेळेवर पोचले ना? मी मान डोलावली. मग म्हणाल्या, तिथे दुसरं कोणीच दिसेना, मला वाटलं आपलं काही चुकलं की काय, पण तुम्ही खिडकीत दिसलात म्हणून बसून राहिले. बाकीचे आले का हो मग?

मी म्हटलं, आले. सगळे आले. तुमच्या पाठोपाठच आले.

त्यांना बरं वाटलं. डोळे मिटून घेतले. मी इतके दिवस जे जे बोललो ते मला त्या त्या वेळी खरं वाटत होतं. हे खोटं आहे हे बोलतानाच माहीत होतं. ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, तिने सगळं ऐकलं. उठून आईचं पांघरूण सारखं केलं आणि मला म्हणाली, आता तुम्ही घरी जा.